जुनी डिझेल पिकअप स्लोवर थरथरते, रेस आपोआप वर-खाली होते: दोष कसा शोधावा

चोइथराम मंडीत भाजी आणणाऱ्या किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांतून माल उचलणाऱ्या इंदूरच्या जुन्या पिकअप गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. रस्त्यावर गाडी बरी चालते, मात्र सिग्नलला उभी राहून इंजिन स्लोवर (सर्वांत कमी रेसवर) आले की केबिन थरथरू लागते किंवा ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही रेस वर-खाली होत राहते. अशा वेळी पहिला निवाडा बहुधा डिझेल पंपावर (नोझलना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना, दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपावर) येतो. पंप उतरतो, दुरुस्तीला जातो, मोठा खर्च होतो, आणि पुष्कळदा दोष तसाच राहतो, कारण तो डिझेलच्या एखाद्या तडकलेल्या रबरी पाइपात असतो. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करून इंजिनकडे न्यावी आणि पंपाला हात सर्वांत शेवटी लावावा, असा माझा आग्रह आहे.

येथे दिलेली पद्धत यांत्रिक पंप असलेल्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक पिकअप कॉमन रेलच्या (सामाईक नळीत मोठ्या दाबाने डिझेल साठवून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने फवारणाऱ्या) आहेत. कॉमन रेलमध्ये स्लोवरसुद्धा पाइपात शेकडो बारचा दाब असतो, त्यामुळे पुढे सांगितलेली नोझलचे नट सैल करण्याची चाचणी त्या गाड्यांवर कधीही करू नये.

तक्रार नेमकी कोणती?

थरथर आणि हंटिंग (रेस आपोआप वर-खाली होणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला सुमारे ७५० फेऱ्यांवर चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा वेळा पेटतो. एक सिलिंडर कमजोर असला की त्याच लयीत भराभर, सारख्या अंतराने धक्के बसतात आणि गिअरचा दांडा एकसारखा हलत राहतो. हंटिंगमध्ये मात्र इंजिनचा आवाज सेकंद-दोन सेकंदांत चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. पहिल्या प्रकारात संशय नोझल, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) यांवर घ्यावा; दुसऱ्यात डिझेलमधली हवा, ॲक्सिलरेटरची जोडणी आणि पंपातला गव्हर्नर (रेस स्थिर ठेवणारी यंत्रणा) यांच्यावर. दोन्ही एकदम होत असतील तर आधी हवेचाच शोध घ्यावा, कारण हवेमुळे दोन्ही लक्षणे दिसू शकतात.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी दोन-चार दिवस निरीक्षण करून हे लिहून ठेवावे: त्रास थंड इंजिनवर होतो की गरम झाल्यावर, टाकी अर्ध्याखाली गेल्यावर वाढतो का, रात्रभर उतारावर उभी ठेवल्यानंतर सकाळी जास्त होतो का, आणि तो कोणत्या कामानंतर सुरू झाला. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे थरथरून पाच मिनिटांत सुरळीत होणाऱ्या गाडीत ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे, बसवलेले असतील तर) आणि कंप्रेशन पाहावे. उलट, सकाळी ठीक असलेली गाडी घाट चढून गरम झाल्यावर बिघडत असेल, तर झिजलेल्या पंपाचा संशय बळावतो, कारण गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या भागांच्या फटींतून मागे निसटते. टाकी रिकामी होत जाताना त्रास वाढला तर डिझेल खेचणाऱ्या बाजूला हवा शिरत असावी. फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी तक्रार सुरू झाली असेल, तर फिल्टरपाशीच शोधावे.

धुराचा रंगही पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर प्रथम उघडावा. सोयाबीन आणि गव्हाच्या हंगामात माळव्याच्या मळणीच्या धुळीने तो फार लवकर भरतो. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. निळसर धूर ऑइलचा.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट, मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. सैल बाह्या, उपरणे आणि ओढणी फॅन व पट्ट्यापासून दूर ठेवावी. जवळपास बिडी-सिगारेट नको. नोझलमधून सुटणारी डिझेलची धार कातडी भेदून आत जाऊ शकते आणि ती जखम वरून लहान दिसली तरी गंभीर असते, तेव्हा धारेसमोर बोट कधीही नेऊ नये. तसे झालेच तर त्वरित रुग्णालयात जावे.

डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघणे कधीही टाळू नये. पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाच्या किंवा मुख्य पंपाच्या सीलमधून डिझेल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत आहे. असे इंजिन चालू करू नये. ते स्वतःचेच ऑइल ओढून बेफाम पळू शकते आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही. तसा प्रसंग ओढवलाच तर ब्रेक पूर्ण दाबून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे, किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून धरावी. हात किंवा कापड तिथे लावू नये.

टाकीपासून पंपापर्यंत

निम्म्याहून अधिक वेळ याच भागावर द्यावा. प्रथम टाकीचे झाकण थोडे सैल करून इंजिन चालवून पाहावे. झाकणातले हवेचे छिद्र मातीने बुजले असेल तर टाकीत निर्वात तयार होऊन डिझेल येणे अडते, आणि झाकण सैल करताच फरक कळतो.

मग फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून पेलाभर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि ती अर्धा तास हलवू नये. डिझेल हलके असल्यामुळे पाणी तळाशी वेगळे बसते आणि दोहोंमधली रेघ उजेडात स्पष्ट दिसते. काळपट, चिकट गाळ आढळला तर टाकीत पाणी बरेच दिवसांपासून साचलेले असते. तेव्हा टाकी उतरवून धुवावी, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. पावसाळ्यात आणि पिंपातले डिझेल भरणाऱ्या गाड्यांत हा दोष हमखास दिसतो.

आता हवेचा शोध. येथे आपल्या गाडीवर कोणता पंप आहे हे माहीत असणे आवश्यक आहे. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा भाग एका रांगेत असतो आणि त्याच्या कुशीला फीड पंप असतो. तो टाकीतून डिझेल खेचतो आणि फिल्टरमधून दाबाने पुढे पाठवतो. त्यामुळे टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग हवा ओढतो, तर त्यापुढचा भाग गळला तर बाहेर ओला दिसतो. रोटरी पंपात (यात एकच फिरता भाग सर्व सिलिंडरांना डिझेल वाटतो) खेचणारी यंत्रणा बहुधा पंपाच्या पोटातच असते, म्हणून टाकीपासून फिल्टरसकट पंपाच्या तोंडापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली राहते. ओढीखालचा सांधा बाहेरून कोरडाच दिसतो. ‘कुठेच गळत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो आणि त्यापायी चांगले पंप विनाकारण उघडले जातात.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक पाइपाचा वीतभर तुकडा क्लिप लावून बसवावा. हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) हवा काढून इंजिन चालू करावे आणि त्या तुकड्यावर नजर ठेवावी. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा आला तर काळजी नाही. पण बुडबुड्यांची सलग माळ येत राहिली आणि रेस तिच्याबरोबरच डळमळू लागली, तर हवा नक्की आहे. मग तोच तुकडा फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला लावावा. तिथे डिझेल स्वच्छ आणि पुढे बुडबुडे असतील तर रोटरी पंपाच्या गाडीत हवा फिल्टरपाशी शिरते: सीलची रिंग दुमडलेली असते, ब्लीड स्क्रूचा (हवा काढायच्या स्क्रूचा) वॉशर चेपलेला असतो किंवा जुनेच तांब्याचे वॉशर पुन्हा वापरलेले असतात. तिथेही बुडबुडे असतील तर मागे जात रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा आणि टाकीतली उभी नळी तपासावी. रबरी पाइप हातात घेऊन वाकवून पाहिला की बारीक भेगा उमटतात. असा पाइप क्लिप आवळून वाचवू नये, बदलावा.

कॅनची चाचणी

मला सर्वांत भरवशाची वाटते ती ही चाचणी, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पाच लिटरचा स्वच्छ कॅन गाळलेल्या डिझेलने भरून पंपापेक्षा उंच जागी, सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर, दोरीने पक्का बांधावा. त्यातून एक नळी थेट रोटरी पंपाच्या किंवा इनलाइनच्या बाबतीत फीड पंपाच्या तोंडाला जोडावी आणि परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. हवा काढून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे.

इंजिन शांत, एकसारखे चालले तर रोटरी पंपाच्या गाडीत दोष टाकी, लाइन किंवा फिल्टर यांत आहे आणि पंप निर्दोष आहे. इनलाइनच्या गाडीत फिल्टर अजून मार्गातच असल्यामुळे दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच भागात धरावा. तरीही थरथर किंवा हंटिंग कायम राहिले, तर पंप, नोझल किंवा इंजिन. ही चाचणी झाल्याशिवाय पंप उतरवायला मालकाने संमती देऊ नये.

कमजोर सिलिंडर ओळखणे

इंजिन स्लोवर असताना नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपाचा नट योग्य पान्याने, बहुधा १७ किंवा १९ च्या, अर्धा फेरा सैल करावा. नटाभोवती कापड गुंडाळावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. सिलिंडर चांगला असेल तर लगेच रेस पडते आणि थरथर वाढते. ज्याचा नट सैल करूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. नट आवळून क्रमाने चारही तपासावेत. सैल करताच एखादा कडक ठोका थांबला, तर त्या नोझलमधून डिझेल फवाऱ्याऐवजी थेंबांनी पडत असावे.

दोषी वाटणारा नोझल दुसऱ्या सिलिंडरच्या नोझलशी बदलून पुन्हा चाचणी घ्यावी. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब आहे; तो जागेवरच राहिला तर टॅपेट, कंप्रेशन किंवा पंपाचा त्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह पाहावा. नोझल बसवताना तांब्याचा वॉशर नवा टाकावा आणि जुना वॉशर खड्ड्यातच चिकटून राहिला नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात बघावे, कारण दोन वॉशरांवर बसलेला नोझल वर राहतो आणि डिझेलचा फवारा चुकीच्या जागी पडतो. काढलेले नोझल ट्रान्सपोर्ट नगरातील पंप-नोझलच्या दुकानात टेस्टरवर लावून आपल्या डोळ्यांसमोर पाहून घ्यावेत.

कंप्रेशन मोजण्याआधी थंड इंजिनवर टॅपेटचे अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावे. घट्ट झालेला टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही आणि कंप्रेशन उगाचच कमी दिसते. सर्व सिलिंडर ठीक असूनही केबिन हलत असेल, तर इंजिनच्या माउंटिंगचे रबर चिरले आहे का ते पाहावे.

हंटिंग राहिलेच तर

हवा नाही हे निश्चित झाल्यावर प्रथम ॲक्सिलरेटरची केबल किंवा दांडी सोडवून लिव्हर हाताने हलवून पाहावा. तो अडखळत असेल किंवा स्प्रिंग त्याला थांब्यापर्यंत परत आणत नसेल, तर दोष तिथेच सापडतो. रोटरी पंपावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असल्यास त्याची वायर घट्ट आहे का पाहावे. सैल वायरीमुळे डिझेल क्षणभर तुटते आणि गाडी गचके खाते. अनेक रोटरी पंपांवर परतीच्या बँजो बोल्टमध्ये (पोकळ बोल्टमध्ये) बारीक छिद्र असते आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजीत ‘आउट’ कोरलेले असते. पाइप बदलताना तो बोल्ट डिझेल आत येण्याच्या जागी लागला, तर पंपाच्या आतला दाब बिघडतो आणि इंजिन विचित्र वागते. ही अदलाबदल दोन मिनिटांत दुरुस्त होते.

रोटरी पंपात ॲक्सिलरेटरच्या शाफ्टचे सीलही पाहावे. इंजिन स्लोवर असताना लिव्हर वर-बाजूला किंचित दाबून धरल्यास रेस स्थिर होत असेल, तर तिथून हवा शिरते. बीएस-६ बरोबर, १ एप्रिल २०२० पासून, देशभर अत्यल्प गंधकाचे, म्हणजे १० पीपीएमचे डिझेल मिळू लागले. इंधनाची घडण बदलली की वर्षानुवर्षे जुन्या डिझेलमध्ये राहून कडक झालेले रबरी सील आकसून गळू शकतात. बरीच वर्षे उघडला न गेलेला पंप असेल तर सील संच बदलून घेणे शहाणपणाचे आहे.

इनलाइन पंपात, विशेषतः गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली असेल किंवा डिझेलमध्ये पाणी असेल तर, रॅक (डिझेलची मात्रा ठरवणारी दांडी) चिकटतो आणि गव्हर्नरला तो हळुवार सरकवता येत नाही. हे काम घरी करू नये. पंप दुकानात देताना कॅनची चाचणी झाली आहे, हवा नाही आणि नोझल तपासलेले आहेत, हे स्पष्ट सांगावे. प्रत्येक सिलिंडरला स्लोवर किती डिझेल जाते याची बेंचवरची मोजणी लिहून मागावी, कारण स्लोवरच्या मात्रेत सिलिंडरांमध्ये फरक राहिला तर पंप दुरुस्त होऊनही थरथर जात नाही.

स्लोचा स्क्रू या सर्वांनंतर, इंजिन पूर्ण गरम असताना, पुस्तिकेतील आकड्यावर लावावा. आधीच स्क्रू वाढवून रेस चढवली की थरथर लपते आणि मूळ दोष वाढत राहतो. जुळवणी झाल्यावर भार भरून सिमरोलमार्गे भेरूघाटाची एक फेरी मारावी, परतताना घाट चढून वर आल्यावर गरम इंजिन पाच मिनिटे स्लोवर ठेवावे, आणि परत आल्यावर उघडलेला प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पुन्हा ओला होतो का ते पाहावे.