इंजिन बदललं, पण गाडी चालू होत नाही

आधी अर्थिंग, म्हणजे इंजिनची बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी, बघा. इंजिन उतरवताना बॉडीला जोडलेली जाड अर्थिंगची पट्टी सोडावी लागते, आणि परत बसवताना नेमकी तीच जोडायची राहून जाते. माझ्याकडून राहिली होती. मी दोन दिवस गाडीतला फ्युएल पंपच तपासत होतो. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. रंगावर बोल्ट आवळू नका, जागा आधी खरवडून घ्या.

स्टार्टर जोमात फिरतोय तरी इंजिन पकडत नाही? स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) लावा. स्टार्टर मारताना त्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) शून्यच राहिला तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरचा, कप्लर (वायरचा जोड) पाहा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर बहुधा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि चावीची जोडी जुळलेली नाही.