तांबे-पितळेचा योग्य मिश्रधातू कसा निवडावा

ऑर्डरमध्ये नुसतं ‘पितळ’ लिहिलं की पुढे भांडण ठरलेलं. या एका नावाखाली कितीतरी मिश्रधातू येतात, दिसायला सारखे आणि वागायला अगदी निराळे. म्हणून रंग आणि भाव बाजूला ठेवा आणि आधी त्या भागाला काय सोसायचं आहे ते पाहा.

१. वीज वाहायची आहे का?
असेल तर मिश्रधातूच्या वाटेला जाऊ नका. बसबार (वीज वाहणारी जाड पट्टी), वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी), केबल यांना ९९.९ टक्के शुद्ध इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे विजेने शुद्ध केलेलं तांबंच हवं. मात्र त्यात थोडा ऑक्सिजन असतो. हायड्रोजन असलेल्या ज्योतीने ते तापवलं तर आत वाफ तयार होते आणि तांबं कणांच्या सीमांवर तडकतं. नळ्या ब्रेझिंगने, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांध्यात भरून जोडायच्या असतील तर फॉस्फरस घातलेलं तांबं घ्या. फॉस्फरस अगदी नाममात्र असतो, तरी वाहकता लक्षणीय घटते. नळीला त्याचं काही वाटत नाही.

२. भाग घडवणार कसा?
पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. ७०:३० पितळ (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) थंड असतानाही साच्यात खोल ओढलं जातं, म्हणून काडतुसांच्या नळ्या आणि दाबून केलेल्या वाट्यांसारखे भाग त्याचे. ६०:४० पितळ थंडपणी फारसं वाकत नाही, पण तापवून फोर्जिंगला, म्हणजे ठोकून-दाबून आकार द्यायला उत्तम. लेथवर भराभर नट, फिटिंग काढायचे असतील तर सुमारे ३ टक्के शिसं असलेलं फ्री-कटिंग पितळ घ्या. त्याचा कापताना निघणारा किस बारीक तुटून पडतो. ७०:३० चा लांब गुंडाळी होऊन टूलला अडकतो. पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगसाठी मात्र शिशाची मर्यादा आधी तपासा. अमेरिकेत २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागात ते सरासरी ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

३. भाग कशात राहणार?
सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पितळेचे भाग बहुतेक इथेच दगा देतात. साधारण १५ टक्क्यांहून जास्त जस्त असलेल्या पितळेतून खारं किंवा क्लोराइडयुक्त पाणी जस्त काढून नेतं. व्हॉल्व्हचा दांडा बाहेरून शाबूत दिसतो, मापही तेच भरतं. पण मोडल्यावर आतला भाग लालसर आणि स्पंजासारखा सच्छिद्र निघतो. ७०:३० जातीच्या नळ्यांत किंचित आर्सेनिक घालून हे रोखतात. ६०:४० मध्ये तो उपाय पुरत नाही; १ टक्का कथील घातलेलं नेव्हल ब्रास थोडं तग धरतं. समुद्राच्या पाण्याच्या वाहिन्यांना मी तरी सरळ ९०:१० क्युप्रोनिकेल (९० तांबं, १० निकेल) सुचवेन.

दुसरा शत्रू अमोनिया. ब्रिटिश सैन्याची भारतात पावसाळ्यात साठवलेली काडतुसं आपोआप तडकत; तबेल्यांतून येणारा अमोनिया आणि ओढकामात धातूत राहिलेला ताण, दोन्ही मिळून हे घडे. थंड घडवलेला पितळी भाग साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवून ताण घालवा. ही पायरी वाचवू नका.

४. घासायचं की लवायचं?
बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि बेअरिंगला कथिलाचं ब्राँझ (तांबं अधिक कथील) किंवा गनमेटल (८८ तांबं, १० कथील, २ जस्त). स्प्रिंग आणि विजेच्या संपर्कपट्ट्यांना फॉस्फर ब्राँझ, म्हणजे किंचित फॉस्फरस असलेलं कथिलाचं ब्राँझ. जहाजाच्या पाण्यातल्या पंख्याला (प्रोपेलर) निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ, म्हणजे कथिलाऐवजी अ‍ॅल्युमिनियम आणि निकेल घातलेलं तांबं. जबर ताकदीची स्प्रिंग हवी असेल तर सुमारे २ टक्के बेरिलियम असलेलं तांबं आहे, पण ते घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते; धूळ जागच्या जागी ओढून घेणारी सोय नसेल तर ते काम हाती घेऊ नका.

५. ऑर्डर लिहिताना
मिश्रधातूचा मानक क्रमांक, मऊ की कडक अवस्था, सळई-पत्रा-नळी यांपैकी काय, आणि रासायनिक तपासणीचा दाखला, हे चारही लिहा. मऊ-कडक लिहायचं राहिलं तर धातू बरोबर येतो आणि तरी वाकवताना चिरतो. भंगारातून ओतलेल्या मालात लोखंड, शिसं किती आलं हे डोळ्यांना कळत नाही, तेव्हा दाखल्यावरचा हीट नंबर (एका ओताचा क्रमांक) सळईवरच्या शिक्क्याशी ताडून मगच माल उतरवून घ्या.