कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा गट सुरू करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमचा गट पहिल्यांदा बंद पडला तेव्हा त्याला दोन महिनेही झाले नव्हते. मी नगरचा, शिकायला पुण्यात. एस.वाय.ला असताना डिसेंबरात नाताळचा दणक्यात कार्यक्रम घेतला. भाड्याचा साउंड, केक, कॅरल, साठ-सत्तर पोरं. जानेवारीच्या पहिल्या बैठकीला अकरा जण आले. फेब्रुवारीत उरलो मी आणि माझा रूममेट, तोही बिचारा भिडेखातर.

मुहूर्तच चुकला होता. ज्याला सोबत हवी असते तो जुलैत एकटा असतो. शहर नवं, खोली नवी, रविवारी कुठल्या चर्चला जायचं तेही ठाऊक नाही. गणपतीपर्यंत त्याचं मित्रमंडळ ठरून जातं. पुढच्या वर्षी आम्ही चौघांनी जुलैतच सुरुवात केली आणि वेळ ठेवली रविवार संध्याकाळ, कारण आमच्याकडच्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद. एकाच्या खोलीवर कुकर लावायचा. शिट्ट्या होईपर्यंत एखादं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन, एक स्तोत्र, मग खिचडी खाता खाता आठवडा कसा गेला ते सांगायचं. साउंडवर उडवलेल्या पैशांत वर्षभराचे तांदूळ आले असते.

परवानगीचं घोडं

आम्ही न विचारता रिकाम्या वर्गात बसलो आणि शिपाईमामांनी उठवलं. मग कुणीतरी शक्कल लढवली: अर्जात ‘व्यक्तिमत्त्व विकास मंडळ’ लिहू. असलं काही चुकूनही करू नका. पहिल्याच दिवशी प्रार्थना झाली की नाव खोटं ठरतं आणि मग खऱ्या हेतूवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आधी कॉलेज कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं. अनुदानित किंवा सरकारमान्य संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय अशा शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. हा शेवटचा मुद्दा हमखास विसरला जातो. अकरावी-बारावीची पोरं त्याच आवारात असतात आणि हौसेने येतातही. त्यांच्या घरी आधी बोला. कॉलेजने जागा नाकारली तर वाद घालू नका, जवळच्या चर्चचा हॉल मागा.

आणखी एक. तुमच्या शहरात आधीपासून कुणी काम करतंय का ते विचारा. कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ ही संघटना १९२४ पासून आहे, इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) विद्यार्थ्यांची युईएसआय १९५४ पासून. आम्ही ‘पहिलेच’ म्हणून मिरवत होतो आणि दोन चौकांपलीकडे असाच एक गट कित्येक वर्षं भरत होता!

हजेरी आणि फोटो

ही चूक मला अजून टोचते. सगळ्यांची नावं, गाव, नंबर वहीत लिहून घेतले आणि ग्रुप फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यात एक मुलगी होती, नुसती मैत्रिणीबरोबर गाणी ऐकायला आलेली. रात्री तिच्या मामाचा फोन आला. ती परत आली नाही, आणि तिची मैत्रीणही.

कोण कुठल्या घरातून येतो हे आपल्याला माहीत नसतं. १९५०च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. हिंदूंखेरीज तो शिखांना १९५६ पासून आणि बौद्धांना १९९० पासून आहे. म्हणजे धर्म उघड झाला तर सवलती जाण्याची भीती. त्यामुळे ‘तू ख्रिस्ती का?’ हा प्रश्न आपल्याला गप्पांचा वाटला तरी समोरच्याच्या पोटात गोळा येऊ शकतो. धर्म विचारू नका, यादी ठेवू नका, फोटो टाकू नका. नोट्स किंवा खिचडीसाठी येणाऱ्याला प्रार्थनेला बसायची अट नको. तो ताट घेऊन बाहेर कट्ट्यावर बसला तरी चालेल.

कुणाचं चर्च?

एका पाळकसाहेबांना बोलावलं. ते दीड तास बोलले आणि जाता जाता ‘रविवारी आमच्याकडे या’ म्हणत सगळ्यांना पत्ता देऊन गेले. पुढच्या आठवड्यात वसईची दोघं कॅथलिक पोरं गायब. विचारलं तर म्हणाली, “जपमाळेबद्दल ते जे बोलले, ते आमच्या आईला कळलं तर?”

आमच्यात नगरचे प्रोटेस्टंट, वसईचे कॅथलिक, नंदुरबारचे आदिवासी, एक मिझो, दोन मल्याळी. चर्चला आम्ही ‘मंडळी’ म्हणायचो, वसईकर ‘ख्रिस्तसभा’. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं, आमच्या ६६. मग ठरवलं की बाप्तिस्मा, प्रभुभोजन, मरिया यांवर गटात वाद नाही, ज्याने त्याने आपापल्या चर्चला जायचं. बाहेरचा वक्ता महिन्यातून एकदाच, वीस मिनिटं, आणि पत्ते वाटणं बंद. भाषेचं मात्र आम्हाला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. मराठीत बोललो की मिझो पोरगा मोबाइल काढायचा, इंग्रजीत बोललो की नंदुरबारचे गप्प. त्यातल्या त्यात उपयोग झाला तो गाण्यांचा. दर आठवड्याला एकाने आपल्या भाषेतलं गाणं शिकवायचं.

पैशांचं थोडक्यात: वर्गणी काढा, हिशेब ग्रुपवर टाका. परदेशातून कुणी पाठवतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते पैसे घेणं बेकायदा आहे.

टी.वाय. सुटला की गट सुटतो

मी एकटाच सगळं करायचो. माझ्या परीक्षेच्या महिन्यात गट पुन्हा बंद. तेव्हा कळलं की जानेवारीपासूनच एफ.वाय.च्या दोघांना बैठक चालवू द्यायला हवी, आपण मागे बसून गप्प राहायचं. फार जड जातं. माझ्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच बैठकीत माझं लाडकं भजन वगळलं आणि खिचडीऐवजी मॅगी केली. मी काही बोललो नाही. त्या रविवारी नवे चार जण आले होते.