मुलाचं तोंड वाकडं झालं तर: औषध, मालीश आणि डोळ्याची निगा

हसताना ओठ एकीकडे ओढले जातात, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाही, त्या बाजूच्या कपाळाला आठीही पडत नाही, तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची नस दुखावून एका बाजूचे स्नायू लुळे पडणं. आठी पडत असेल किंवा हातपाय लुळे वाटत असतील, तर तडक इस्पितळ गाठा. एरवीही त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. कान आणि रक्तदाब तपासायला हवा. स्टेरॉइड द्यायचं तर पहिल्या 72 तासांत. मुलांमध्ये त्याचा फायदा मोठ्यांइतका सिद्ध नाही, म्हणून निर्णय डॉक्टरांचा.

खरी निगा डोळ्याची. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, मग पापणी बोटाने पूर्ण मिटवून वर कागदी टेप. पापणी अर्धवट उघडी राहिली तर टेपच बुबुळाला घासते.

मालीश चालेल: हलक्या बोटांनी, हनुवटीकडून कानाकडे, 5 मिनिटं. नाकात तेल मात्र मुळीच नको. फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. अ‍ॅक्युपंक्चरचा पुरावा कच्चा आहे. करायचंच तर औषध चालू ठेवून, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी. फुगे फुगवायला लावू नका, जोर लावला की चांगली बाजूच ओढते. आरशासमोर हळू हसणं पुरे. 3 महिन्यांत चेहरा पूर्ववत झाला नाही, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.