पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांची वजावट कशी घ्यावी

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ चे कलम ८० क्यूक्यूबी पुस्तकाच्या लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ३ लाख रुपयांची वजावट देते. ही मर्यादा २००३ च्या वित्त अधिनियमाने आली आणि तेव्हापासून आहे तिथेच आहे. पुस्तकांच्या किमती मात्र थांबलेल्या नाहीत.

आधी वजावट लागतेच का, ते पाहा. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या प्रणालीत, नेहमीच्या दराने कर लागणारे एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो, मग या खटाटोपाची गरज नाही. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर दोन्ही प्रणालींत कर काढून बघा. रॉयल्टी व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवणाऱ्याला जुन्या प्रणालीसाठी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा जुनीत जाऊन नवीत परतलात की, व्यवसायाचे उत्पन्न चालू असेपर्यंत, पुन्हा जुनीत जाता येत नाही.

लेखक भारतात निवासी असावा आणि पुस्तक साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय असावे. गाइड, शालेय पाठ्यपुस्तके, डायऱ्या, पत्रके, वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांत बसत नाहीत. त्यामुळे दिवाळी अंकातल्या कथेचे मानधन इथे धरू नका. तेच लेखन पुढे संग्रहात आले, तर संग्रहाची रॉयल्टी चालते. स्वतःच पुस्तक छापून विकले तर हाती येतो तो विक्रीचा नफा, रॉयल्टी नव्हे. लेखकाच्या पश्चात वारसांना मिळणाऱ्या रॉयल्टीवरही ही वजावट नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, म्हणजे अनिवासी, मराठी लेखकालाही नाही, प्रकाशक पुण्याचा असला तरी.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या १५ टक्क्यांच्या हिशेबात. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये, वर्षात २,००० प्रती खपल्या, म्हणजे विक्रीमूल्य ६,००,००० रुपये. करारात रॉयल्टी २० टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये. कायदा वजावटीसाठी विक्रीमूल्याच्या १५ टक्केच, म्हणजे ९०,००० रुपये धरतो. त्यातून या उत्पन्नासाठी झालेला खर्च, समजा टंकलेखन आणि मुद्रितशोधनाचे १०,००० रुपये, वजा केला की वजावट ८०,००० रुपये उरते. वरचे ३०,००० करपात्रच राहतात. सगळे हक्क एकरकमी दिले असतील तर ही १५ टक्क्यांची अट लागत नाही, ३ लाखांची लागते. म्हणून करारनाम्यात ‘मानधन’ असा मोघम शब्द नको. रक्कम एकरकमी हक्कांची की प्रतींवरच्या रॉयल्टीची, ते स्पष्ट लिहून घ्या.

प्रकाशकाकडून फॉर्म १०सीसीडी, म्हणजे रॉयल्टीचे प्रमाणपत्र, सहीनिशी घ्या. मार्च संपला की लगेच मागा, कारण जुलैत प्रकाशकाला हिशेब काढायला सवड नसते. त्यातले विक्रीमूल्य आणि तुम्हाला मिळालेले रॉयल्टीचे विवरण जुळले पाहिजे. एकात छापील किंमत आणि दुसऱ्यात सवलतीनंतरची, असे झाले की १५ टक्क्यांचा आकडाच बदलतो. पुस्तके दोन प्रकाशकांकडे असतील तर प्रमाणपत्रेही दोन.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता करायचा कर, कापणे ज्या प्रकाशकावर बंधनकारक आहे, तो वर्षाची रॉयल्टी ५०,००० रुपयांवर गेली की १० टक्के कापतो. त्याला पॅन दिला नसेल तर २० टक्के जातात. कापलेली रक्कम फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसते का ते विवरणपत्र भरण्यापूर्वी तपासा. तिथे नसेल तर प्रकाशकाला त्याचे टीडीएस विवरण दुरुस्त करायला सांगा.

परदेशातून येणारी रॉयल्टी आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, परकीय चलनात भारतात आली पाहिजे. त्यासाठी फॉर्म १०एच वेगळा.

विवरणपत्र मुदतीतच भरा. उशिरा भरले तर कलम ८०एसीमुळे ही वजावट पूर्णच जाते, कागद कितीही चोख असोत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा अधिनियम लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ च्या विवरणपत्रात मात्र जुनेच चालतील.