ब्रिटनीचा किनारा: कॅम्परव्हॅनने मुक्काम, पायी प्रवास कसा करावा

फ्रान्सचा समुद्रकिनारा म्हटलं की बहुतेकांना दक्षिणेकडचं नीस आणि कान आठवतं. पण गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप आणि दिवसभर एका पुळणीवरून दुसऱ्या पुळणीवर चालत जायचं, अशी सहल हवी असेल तर वायव्येकडची ब्रिटनी गाठावी. तिच्या सगळ्या किनाऱ्याला धरून जीआर ३४ नावाची पायवाट जाते. मों-सॅं-मिशेलच्या बाजूने निघून सॅं-नाझेरपर्यंत, २,००० किलोमीटरहून लांब. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला १७९१ पासून जकातीचे शिपाई या वाटेवरून गस्त घालत, म्हणून ती अजून ‘जकातवाल्यांची वाट’ म्हणूनच ओळखली जाते. पुढे गस्त थांबली आणि वाट जागोजागी बुजली. १९७६ मध्ये कायदा झाला, आणि समुद्रालगतच्या खासगी जमिनीतूनही तीन मीटरची पट्टी पायी जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवणं मालकांना बंधनकारक झालं. बंगल्यांच्या कुंपणांनी वाटा अडवलेले किनारे ज्यांनी पाहिलेत, त्यांना या तीन मीटरांचं मोल कळेल.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा. गाडी एका ठिकाणी दोन-तीन रात्री उभी ठेवायची आणि किनारा पायांनी बघायचा. आठवड्याभरात सगळी ब्रिटनी उरकायला निघालात तर निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात जाईल. म्हणून इथे एकच द्वीपकल्प घेतलं आहे: ब्रेस्ट शहराच्या समोर, समुद्रात घुसलेलं क्रोझों. आठवडाभर चालायला ते पुरून उरतं.

१. महिना निवडा

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच शाळांना सुट्टी असते आणि सगळा देश समुद्राकडे येतो. जूनमध्ये इथे रात्री दहानंतर सूर्य मावळतो, त्यामुळे घाई न करता चालता येतं. फुलांसाठी जायचं असेल तर उन्हाळ्याची अखेर गाठा, तेव्हा माथ्यावरची हेदरची झुडपं जांभळी होतात. पाऊस मात्र कुठल्याही महिन्यात येऊ शकतो, आणि वारा तर असतोच. छत्री घरी ठेवा आणि टोपीचा रेनकोट घ्या.

२. कागदपत्रं

भारतातून जाणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. नेहमीच्या कारच्या परवान्यावर ३.५ टनांपर्यंतची गाडी चालवता येते. भाड्याच्या बहुतेक कॅम्परव्हॅन या मर्यादेत बसतात, तरी आरक्षण करताना वजन विचारून घ्या. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो आणि मुक्कामाचा तपशीलही द्यावा लागतो. ‘आम्ही गाडीत झोपणार’ एवढं सांगून भागत नाही. गाडीच्या आरक्षणाची पावती आणि कॅम्पसाइटची आरक्षणं अर्जाला जोडा. अनामत रक्कम सहसा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड चालकाच्या नावाचं असावं, आणि तेवढी मर्यादा त्यावर शिल्लक असावी.

३. गाडी लहान घ्या

मोठ्या गाडीत शॉवर, टॉयलेट, ऐसपैस पलंग सगळं मिळतं. तरीही या किनाऱ्यासाठी मी छोटी, छत वर उचलता येणारी व्हॅनच सुचवेन. समुद्राजवळच्या अनेक पार्किंगच्या तोंडाशी साधारण दोन मीटर उंचीवर आडवी दांडी असते. मोठ्या गाड्या आत जाऊ नयेत यासाठीच ती लावलेली असते. शिवाय गावांतले रस्ते अरुंद आणि दगडी भिंतींमधून जाणारे आहेत. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. छोट्या गाडीत टॉयलेट नसतं, ती सोय कॅम्पसाइटवर होते.

गाडी पॅरिसहून घेण्यापेक्षा मोंपारनास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ब्रिटनीतल्या रेन शहरात या आणि तिथे घ्या. हा प्रवास सुमारे दीड तासाचा आहे. पॅरिसची गर्दी टळते आणि टोलही वाचतो, कारण ब्रिटनीतल्या मोठ्या रस्त्यांवर टोल नाही. शेवटच्या टप्प्यात तेरेनेझचा तारांनी पेललेला वळणदार पूल ओलांडून द्वीपकल्पात शिरा. तो २०११ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

४. रस्त्यावर

गाडी उजवीकडून चालवायची. पहिल्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर तासभर सराव करा आणि शेजारी बसणाऱ्याला गोल चौकांत ‘उजवीकडून, उजवीकडून’ अशी आठवण करून द्यायला सांगा. जिथे पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. अगदी शेताकडून येणाऱ्या लहान रस्त्यालाही हा नियम लागू असतो. दोन पदरी रस्त्यांवर सहसा ताशी ८० आणि गावात ५० ची मर्यादा. पंपावर डिझेलला ‘गाझोल’ म्हणतात. हा शब्द गॅसोलीनसारखा ऐकू येतो म्हणून त्याला पेट्रोल समजू नका. टाकीच्या झाकणावरची खूण आणि पंपावरची खूण जुळवून मगच नळी उचला.

५. रात्रीचा मुक्काम

समुद्राकाठी कुठेही तळ ठोकायला कायद्याने मनाई आहे. पार्किंगमध्ये गाडी उभी करणं वेगळं, आणि बाहेर छत ताणून, खुर्च्या मांडून, शेगडी लावणं वेगळं. दुसऱ्याला कॅम्पिंग म्हणतात आणि त्याचा दंड होतो. बऱ्याच किनारी गावांनी तर रात्री नुसती गाडी उभी करायलाही बंदी घातली आहे. पाटी वाचा आणि पाळा. ज्या पुळणींवर पूर्वी रांगेने गाड्या मुक्काम करत, तिथल्या वाळूच्या टेकड्या तुडवून ओसाड झाल्या होत्या. आता कुंपणं घालून तिथे गवत पुन्हा रुजवलं जातंय. ही बंदी मला योग्य वाटते.

मग राहायचं कुठे? एक, ‘कॅम्पिंग म्युनिसिपाल’, म्हणजे नगरपालिकेच्या कॅम्पसाइट. स्वस्त, साध्या, स्वच्छ. दोन, ‘एर’ म्हणजे कॅम्परव्हॅनसाठी नेमलेल्या जागा. पाणी भरायला आणि सांडपाणी सोडायला तिथे खांब असतो, तो नाण्याने, टोकनने किंवा कार्डाने चालतो. कामारे-स्यूर-मेर या बंदराच्या गावात अशी जागा आहे. तीन, फ्रान्स पॅसिओं ही वार्षिक सभासदत्वाची योजना. यात शेतकरी आणि वाइन करणारे आपल्या आवारात एक रात्र फुकट राहू देतात, पण त्यासाठी गाडीत टॉयलेट हवं.

माझ्या मते दोन मुक्काम पुरेत: तीन रात्री कामारेच्या बाजूला आणि तीन मोर्गा गावाच्या बाजूला.

६. दिवस भरती-ओहोटी पाहून आखा

ही पायरी चुकली तर बाकी सगळं नीट जमूनही उपयोग नाही. ओहोटीला इथे दोन-तीन पुळणी मिळून एक लांबलचक वाळवंट होतं. सहा तासांनी त्याच जागी कड्याच्या पायथ्याशी लाटा आपटत असतात, आणि वर चढायला वाट नसते.

पर्यटन कार्यालयात किंवा तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानात भरतीचं छोटं पुस्तक मिळतं. त्यात वेळांच्या शेजारी २० ते १२० मधला एक आकडा असतो, त्याला ‘कोएफिसियां’ म्हणतात. आपल्या कोळ्यांच्या भाषेत ७० च्या वरचा आकडा म्हणजे उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि खालचा म्हणजे भांग (लहान भरती-ओहोटी). हा आकडा मुळात ब्रेस्टच्या पाण्यावरून ठरवलेला आहे, आणि क्रोझों ब्रेस्टच्या समोरच असल्यामुळे इथे तो सरळ लागू पडतो. १०० आकड्याच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात सुमारे ६.१ मीटरचा फरक पडतो, तर ४५ च्या दिवशी पावणेतीन मीटरच्या आसपास.

आता पाणी किती वेगाने चढतं ते पाहा. साधारण सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे १०० च्या दिवशी मधल्या दोन तासांत पाणी तासाला दीड मीटर चढतं. सपाट पुळणीवर हे पाणी माणसाच्या मागून वळसा घालून येतं. म्हणून नियम सोपा ठेवा: वाळूवरून पुढच्या पुळणीवर जायचं असेल तर ओहोटीच्या तळाच्या दीड-दोन तास आधी निघायचं, आणि पाणी वळल्यावर तासाभरात वरच्या वाटेला लागायचं.

मुंबईत उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. ब्रेस्टला नेमकं उलट: उधाणाच्या दिवसांत दुपारच्या सुमाराला ओहोटी असते. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस म्हणूनच पुळणींवरून चालायला उत्तम. सकाळी निवांत निघा, दुपारचं जेवण उघड्या वाळूवर करा. भांगाच्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते, तेव्हा कड्यावरच्या वाटेची चाल ठेवा. पुस्तकातली वेळ उन्हाळी घड्याळाची आहे की नाही हेही बघून घ्या, एका तासाचा फरक महागात पडतो.

७. चाला

पायवाटेची खूण म्हणजे पांढरा आणि त्याखाली लाल, असे दोन आडवे पट्टे. याच रंगांची फुली दिसली तर ती वाट आपली नाही. अंतर कमी दिसलं तरी प्रत्येक ओहोळाशी वाट खाली उतरते आणि पुन्हा चढते. ताशी तीन किलोमीटरच्या हिशोबाने चला. वाटेत पाणी मिळत नाही, माणशी दोन लिटर घ्या. चांगली पकड असलेले बूट हवेत, ओल्या खडकावर चपलांचं काम नाही.

पहिल्या दिवशी कामारेहून पेन-इरच्या भूशिरावर जा. बंदरातला लालसर बुरूज सतराव्या शतकातला, व्होबां या फ्रेंच लष्करी अभियंत्याचा. २००८ पासून तो जागतिक वारशात आहे. पुढे लागाजार इथे उघड्या माळावर प्राचीन दगडांच्या रांगा उभ्या आहेत, आणि मग साधारण ७० मीटर उंचीचा पेन-इरचा कडा. त्याच्या टोकाशी समुद्रात सुळक्यांची रांग दिसते. तिथून खाली वेरियाकच्या पुळणीवर उतरा. माघारी कामारेला यायला वेळ कमी लागतो.

दुसरी चाल केर्लोक ते गुलियें या पुळणींची आणि पुढे दिनांच्या टोकापर्यंत. ओहोटी मोठी असेल तर वाळूवरून जा, टोकाजवळ दगडाची नैसर्गिक कमान आहे. अशा एकेरी चालीला परतायची सोय आधी बघावी लागते. क्रोझों आणि कामारे यांना ब्रेझगोच्या बस जोडतात. बसने आधी पुढे जाऊन मग गाडीच्या दिशेने चालत या, म्हणजे शेवटची बस चुकण्याची धास्ती राहत नाही. रविवारी बस कमी असतात.

सगळ्यात सुंदर चाल काप द ला शेव्र या भूशिराची, आणि तिला बस लागतही नाही. भूशिराच्या मध्यावर सॅं-एर्नो नावाचं गाव आहे, गाडी तिथे ठेवा. पश्चिमेला ला पाल्यूच्या पुळणीकडे उतरा, मग कड्याच्या कडेने दक्षिणेचं टोक गाठा आणि पूर्वेच्या बाजूने वर येऊन गावात परता. पूर्ण दिवस लागतो. पश्चिमेला अटलांटिकच्या उंच लाटा, माथ्यावर कोकणातल्या सड्यासारखा वाऱ्याने खुरटलेला माळ, आणि पूर्वेला पाइनच्या सावलीतून दिसणारं शांत, हिरवं पाणी. एका दिवसात तीन वेगळे किनारे पाहिल्यासारखं वाटतं.

ला पाल्यू आणि शेजारच्या लोसमार्कला पोहायला बंदी आहे. पाण्याखालची ओढ दिसत नाही, पण माणसाला आत नेते, तेव्हा गुडघाभर पाण्यातही खेळू नका. पोहायचं तर मोर्गाच्या आडोशाच्या पुळणीवर. ऑगस्टमध्येसुद्धा पाणी १७-१८ अंशांच्या आसपासच असतं. इंटरनेटवरच्या फोटोंत झळकणारी ‘इल व्हिएर्ज’ची पुळण दरडी कोसळत असल्याने बंद केलेली आहे, तिकडे उतरायचा मोह टाळा. समुद्रावर संकट आलं तर १९६ आणि इतर कुठेही ११२ हे क्रमांक फिरवा.

८. खाणं

पोहे, डाळ-तांदूळ, मसाले न्या. तूप, पेढे, दुधाची पावडर आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला मनाई आहे. तुपाच्या जागी इथलं खारं लोणी वापरा, पोळीवर ते फार छान लागतं. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाची मोठी, कुरकुरीत घावनासारखी पोळी, अंडं आणि चीज घालून मिळते. शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न विचारावा: तव्याला काय लावता? जुन्या पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. लोण्यावर करून द्या म्हटलं तर बहुतेक ठिकाणी देतात. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद मिळतात, सामान शनिवारीच भरा.

९. गाडी परत करताना

शेवटची रात्र कॅम्पसाइटवर काढा. सकाळी सांडपाण्याची टाकी आणि गाडीत टॉयलेट असेल तर त्याचा डबा तिथल्याच खांबापाशी रिकामा करा, पावसाच्या पाण्याच्या गटारात कधीही नको, कारण ते सरळ समुद्रात जातं. वाळू झाडून काढा. टाकी भरून रेनला जा, साधारण तीन तास धरा. अनेक कार्यालयं रविवारी बंद असतात, तेव्हा परतीचा दिवस शनिवारच्या आतला ठेवा, आणि गाडी हातात घेताना काढलेले फोटो समोर ठेवून ओरखडे एकत्र तपासून मगच सही करा.