बेळगावहून कमी पैशात फिरायचं असलं तर आधी बॅग काट्यावर ठेवा

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, प्रवासाच्या आदल्या दिवशी दळण न्यायला गेले की तिथल्या काट्यावर मी माझी सॅक पण ठेवते. सात किलोच्या वर काटा गेला की घरी येऊन पुन्हा उघडायची आणि काहीतरी बाहेर काढायचं, मग ते कितीही लागेल असं वाटू दे. गेली कित्येक वर्षं हे करतेय आणि एकदाही असं झालं नाही की काढून ठेवलेल्या वस्तूवाचून माझं अडलं.

स्वस्तात जायचं म्हटलं की सगळे तिकिटाच्या मागं लागतात, पण तिकिटात वाचवलेले पैसे सामानावर कसे जातात ते कुणी बघत नाही. बॅग जड असली की घरापासून सीबीटीपर्यंत, म्हणजे आपल्या बसस्टँडपर्यंत रिक्षा, उतरलं की परत रिक्षा, स्टेशनवर हमाल, खोली मिळेपर्यंत क्लोकरूम, आणि लॉज पण स्टँडच्या तोंडावरचंच घ्यावं लागतं कारण अर्धा किलोमीटर आत चालत जायची ताकद नसते. पाठीवर सॅक असली की हे सगळे पैसे खिशातच राहतात. रेल्वे स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट नेऊ देते हे खरं, पण दादऱ्याचे, म्हणजे स्टेशनवरच्या पुलाचे जिने चढायला रेल्वे येत नाही, ते आपल्यालाच चढायचे असतात. आम्ही घरचे सहाजण पहिल्यांदा तिरुपतीला गेलो तेव्हा चाकाची मोठी बॅग नेलेली, १९ किलो भरली होती. चाकं फरशीवर चालतात, जिन्यावर नाही. मधल्या पायरीवर हँडल निघून हातात आलं, मागची माणसं अडकली, सासूबाई घाबरून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. परत येऊन बॅग उघडली तर त्यातले सात ड्रेस घडी न मोडता तसेच परत आले होते. तेव्हापासून गिरणीचा काटा.

कपड्यांचं सांगते. कितीही दिवस जायचं असू दे, अंगावरचा धरून तीन जोड. एक अंगावर, एक वाळत, एक सॅकमध्ये कोरडा. रात्री मुक्कामाला पोचलं की पहिलं काम कपडे पिळून टाकायचं, चहा नंतर. त्यासाठी चार मीटर नायलॉनची दोरी आणि सहा-सात सेफ्टी पिना, चिमट्यांपेक्षा पिना बऱ्या, वारा आला तरी कपडा जागेवर राहतोय. जाड टर्किश टॉवेल नेऊ नका, तो ओला झाला की एकटाच किलोभर होतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो, साधा पंचा घ्या. जीन्स घालायचीच असली तर प्रवासात अंगावर घाला, सॅकमध्ये नको. आणि कपडे घडी घालून नाही तर गुंडाळून भरा, चुरगळत पण कमी आणि कुठला कुठं आहे ते वरूनच दिसतंय.

पांघरुणाला आई नेहमी वाकळ घे म्हणते, थंडी वाजेल गे म्हणते. वाकळ घरीच बरी. स्लीपरला चादर-उशी मिळत नाही, म्हणून मी एक जुनं सुती लुगडं नेते, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते चौघडी केलं की अंथरूण, दुहेरी केलं की पांघरूण, खिडकीतून ऊन आलं की पडदा, बाळ असलं तर झोपायला, आणि वेळ पडली तर गाठ मारून पिशवी. नऊवारी असलं तर अजून चांगलं, लांबीला भरपूर. डिसेंबर-जानेवारीत वरून एक स्वेटर पुरे होतो.

आता खाणं. ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण चारजणांच्या घराचे पैसे सगळ्यात जास्त इथंच जातात, आणि पोट बिघडलं की औषधाला परत वेगळे. आपल्या भागात प्रवासाचं खाणं आज्या-पणज्यांनी कधीच ठरवून ठेवलंय, आपण ते सोडून गाडीत पन्नास रुपयाचा थंड वडापाव कशाला खायचा. पहिल्या दिवसाला धपाटे किंवा चपाती आणि सुकी बटाट्याची भाजी, पण ही भाजी त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवायची, उकडलेला बटाटा उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दुसऱ्या दिवसाला दशम्या, दुधात पीठ मळायचं, पाण्याचा थेंब नाही, आणि तव्यावर नीट शेकून पूर्ण गार झाल्यावरच बांधायच्या, गरम बांधल्या की आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. तिसऱ्या दिवसापासून पुढं कडक भाकरी. ज्वारीची किंवा सज्जीची म्हणजे बाजरीची, पापडासारखी वाळवलेली, आठवडा सहज जातो, फक्त तुटू नयेत म्हणून सॅकमध्ये पाठीच्या बाजूला सपाट उभी ठेवायची. त्याच्याबरोबर शेंगाची चटणी, कारळाची चटणी, गूळ, आणि जिथं थांबाल तिथून दही आणि कांदा विकत घ्यायचा. एवढ्यात जेवण होतंय. पोरांना शेंगाच्या पोळ्या, त्या चार दिवस काही होत नाहीत.

चिरमुरे न्याच. वजनाला काही नाही, पोट भरतं. पण घरून कालवून नेऊ नका, मऊ पडतात. चिरमुरे वेगळे, फरसाण-शेंगदाणे वेगळे, कांदा-लिंबू अख्खं, आणि गाडी सुटली की डब्याच्या झाकणात कालवायचं. डबे स्टीलचे एक-दोनच, बाकी सगळं सुती रुमालात नाहीतर केळीच्या पानात. वर्तमानपत्रात खाण्याचं बांधू नका, छपाईची शाई तेलाबरोबर अन्नात उतरते. पाण्याची बाटली घरची, मोठ्या स्टेशनवर नळ असतातच. आपली बेळगावची मिठाई, कुंदा, नेणार असाल कुणाच्या घरी तर तो सगळ्यात वर ठेवा, खाली दाबला की डबा उघडून कपड्याला तूप लागतं.

आता बस, आणि इथं आपल्या सीमेवरच्या बायकांना जो फायदा आहे तो दुसऱ्या कुणाला नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसला तिकीट नाही. राजहंस, ऐरावत ह्या आरामबस, एसी, स्लीपर ह्यांना लागू नाही, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या आंतरराज्य बसला पण नाही. तिकडं महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. म्हणजे काय करायचं, बेळगावहून कोल्हापूरला घाई नसली तर थेट बस सोडून निपाणीपर्यंत साधी कर्नाटकची बस घ्यायची, तिकीट शून्य, आणि निपाणीहून कोल्हापूरला एसटी, तिला सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं सवलत. तास-दीड तास जास्त जाईल, पण तीन-चार बायका मिळून जाताना फरक चांगलाच पडतो. दोन पिशव्या हातात असल्या की मात्र ही अशी बस बदलत जायची हिंमत होत नाही, म्हणून परत सांगते, सॅक.

एक अडचण आहे. शक्तीला कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. आपल्याकडं निम्म्या सुना कागल, गडहिंग्लज, चंदगड, मिरजकडच्या, त्यांचं आधार अजून माहेरच्या पत्त्यावर असतं आणि मग बसमध्ये कंडक्टर तिकीट काढा म्हणतो, त्याची चूक नाही. लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी आधार बदललेलं नाही अशा माझ्याच ओळखीत चौघी आहेत. एकदा जाऊन पत्ता बदलून घ्या, आणि प्रवासात ओरिजिनल कार्ड हाताशी लागेल असं ठेवा, सॅकच्या तळाला नको. महाराष्ट्रात आठवडाभर फिरायचं असलं तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास बघा, चार दिवसाचा आणि सात दिवसाचा असतो, रोज लांबचा प्रवास असला तरच परवडतो, एका गावी बसून राहायचं असलं तर नाही.

कन्नड येत नाही म्हणून बऱ्याचजणी साधी बस टाळतात. एवढं एक वाक्य पाठ करा, हुब्बळ्ळिगे होगतैतेन री? म्हणजे हुबळीला जाते का हो? हुब्बळ्ळीच्या जागी तुमचं गाव घाला. शेवटचं री महत्त्वाचं, त्यानं बोलणं आदबीचं होतंय, आणि मग समोरचा माणूस बसपर्यंत आणून सोडतो असा माझा अनुभव आहे.

रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. आधी १२० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० केलेत, जुन्या सवयीनं कॅलेंडर बघू नका. बेळगाव हे मधलं स्टेशन, त्यामुळं आपल्या वाट्याला कोटा कमी येतो आणि वेटिंग लवकर लागतं. तेव्हा गाडी जिथून सुटते तिथून बघा. हरिप्रिया कोल्हापूरहून सुटते तिरुपतीला, गोवा एक्स्प्रेस वास्कोहून. बेळगावहून वेटिंग दाखवत असलं तरी तिथून जागा असते बऱ्याचदा, मग तिकीट तिथून काढायचं आणि काढतानाच बोर्डिंग बेळगाव टाकायचं, थोडे पैसे जास्त जातात पण तत्काळपेक्षा कमीच. ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्याच्यावर गाडीत चढू नका. तत्काळ आदल्या दिवशी, एसीला सकाळी १० आणि स्लीपरला ११ वाजता, अकाउंटला आधार जोडलेलं आहे का ते आधीच बघून ठेवा, त्या वेळेला ओटीपी शोधत बसलात तर गेलंच.

म्हाताऱ्या माणसांना मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण खालचा बर्थ अजून मिळतो, ६० वरचे पुरुष आणि ४५ वरच्या बायका, फक्त तिकिटावर ते एकटे किंवा दोघंच असले तर. सहाजणांचं एकत्र तिकीट काढलं की सिस्टीम तो कोटा बघतच नाही. म्हणून सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा, हे मला कळेपर्यंत सासऱ्यांनी दोनदा मधल्या बर्थवर चढून त्रास काढला, अजून वाईट वाटतं. वंदे भारत आता पुण्याला पण आहे बंगळूरला पण, घेणार असाल तर तिकीट काढताना जेवण नको हा पर्याय निवडा, तेवढे पैसे कमी होतात आणि दशम्या आहेतच की.

गोव्याला जाताना चोर्ला घाटानं जवळ पडतं, पण पोरांना उलटी होत असली तर बसमध्ये पुढची सीट धरा, निघायच्या आधी पोटभर खायला घालू नका, आल्याची वडी आणि लिंबू हातात द्या. त्याच वाटेवर कणकुंबीकडं मोबाईलला नेटवर्क जातं, जंगल आहे, तिथं यूपीआय चालेल म्हणून राहू नका, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा असू देत. पैसे तीन जागी ठेवायचे, थोडे पर्समध्ये, थोडे सॅकच्या आतल्या कप्प्यात, थोडे अंगावर. रेल्वेनं लोंढ्यावरून गेलात आणि दूधसागर धबधबा दिसला तर खिडकीतूनच बघा, तिथं उतरून रुळावरून चालायला रेल्वेची बंदी आहे.

मुक्कामाचं देवस्थानात सगळ्यात बरं. पंढरपूरला देवस्थानाचं भक्तनिवास आहे, आषाढी-कार्तिकी सोडून गेलात आणि आधी बुक केलंत तर खोली मिळते. तिरुपतीला वर डोंगरावर, तिरुमलाला, खोली नाही मिळाली तरी यात्रेकरूंसाठी मोठे हॉल आहेत, लॉकर फुकट, आणि अन्नप्रसादाला पैसे नाहीत. पायथ्याच्या अलिपिरीहून पायऱ्यांनी चढणार असाल तर सामान खालीच देवस्थानाकडं द्या, ते फुकट वर पोचवतात, बॅगेला कुलूप मात्र पाहिजे, म्हणून एक छोटं कुलूप सॅकला लावूनच ठेवा, स्टेशनच्या क्लोकरूमला पण कुलपाशिवाय घेत नाहीत. तिथल्या तीनशे रुपयांच्या तिकिटाच्या दर्शनाला पुरुषांना धोतर किंवा कुर्ता-पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसकट चुडीदार लागतो, तेव्हा तुमच्या तीन जोडांतला एक हाच धरा, वेगळा चौथा नको.

औषधं पाकिटातच, गोळ्या सुट्ट्या काढून डबीत भरू नका, बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसाच्या जास्त आणि त्या ज्याच्या त्याच्या अंगावरच्या पिशवीत. कित्येक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग बंद असतं, झोपायच्या आधी फोन भरून घ्या.

आणि जून ते सप्टेंबर निघत असाल तर आपल्याकडचा पाऊस, खानापूरकडचा तर विचारूच नका, सॅकवरच्या कव्हरवर भरवसा ठेवू नका, ते पाठीच्या बाजूनं गळतं. युरियाचं नाही, तांदळाचं रिकामं प्लास्टिकचं पोतं धुऊन वाळवून सॅकच्या आत अस्तरासारखं घाला, सगळं त्यात भरा आणि तोंड पिळून खाली दुमडा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. एक रिकामी कापडी पिशवी तळाला घडी करून ठेवा, येताना ओले कपडे त्यात वेगळे बांधून हातात आणायचे.